सातवं पान

मला तत्त्वज्ञ म्हणून आयुष्यात एकाच माणसाने मान दिला, आणि तोही मला नाही, माझ्या एका मित्राला दिला. हा मित्र अस्तित्वात नव्हता. पण नानांना त्याची फार काळजी होती. तो वेळेवर जेवतो का, त्याला झोप लागते का, दुसऱ्या परिच्छेदात तो एवढा चिडतो कशावर, हे सगळं ते मला विचारायचे आणि मी त्याच्या वतीने उत्तरं द्यायची. सत्तावीस वर्षांपूर्वी पनवेलच्या खांदा कॉलनीत हे नाटक दीडेक वर्ष चाललं. नायक मीच होते, पण मला रंगमंचावर काम मिळालं होतं ते पोस्टमनचं.

नाना झेरॉक्सवाले होते. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी आणि मधल्या चिंचोळ्या गाळ्यात नाना, त्यांचं मशीन आणि दोन खुर्च्या. गिरणीतलं पीठ उडून मशीनच्या काचेवर बसायचं, त्यामुळे नानांच्या दुकानातल्या प्रत्येक कागदावर बारीक पांढरे ठिपके उठायचे. काळ्या शाईचा फोटो असला तर तो माणूस चांदण्यात उभा असल्यासारखा दिसे. कोणी तक्रार केली तर नाना म्हणायचे, "पीठ हाय, इख नाय. मरनार नाय कोनी."

दोन खुर्च्यांपैकी एक त्यांची. दुसरी गिऱ्हाइकाची नव्हे. तिच्यावर बसायचा हक्क फक्त त्यांच्याशी मतभेद असणाऱ्याला होता. त्यांचं म्हणणं पटलं असेल त्याने उभ्याउभ्या काम करून घ्यावं आणि जावं. वाद घालायचा असेल तर बसावं, कारण उभ्याने घातलेला वाद पायात जातो.

कागद वाचल्याशिवाय ते मशीनवर ठेवत नसत. रेशनकार्ड असो, दाखला असो, लघवीचा रिपोर्ट असो, चष्मा चढवून आधी पूर्ण वाचणार. "मजकूर बगितल्याबिगर कसा छापू? उद्या कोनी इचारलं तर?" कोण विचारणार होतं देव जाणे. नोकरीचा अर्ज घेऊन आलेल्या एका मुलाला ते म्हणाले, "मी मेहनती आहे, असं लिवलंस. वरचं बटन तरी लाव." एका जाड्या गृहस्थांचा रक्ताचा रिपोर्ट वाचून त्यांनी प्रत दिलीच नाही, आधी पथ्य कबूल करून घेतलं. आणि घटस्फोटाचे कागद आले की दर वेळी मशीन बंद पडायचं. "बिगरलीय. उद्या या. आनि दोगं या." दुसऱ्या दिवशी दोघं आली की मशीन दुरुस्त व्हायला आणखी तास लागायचा. तेवढ्यात त्या दोघांना नाना शेजारच्या टपरीवरचा चहा पाजायचे. त्या गाळ्यात किती संसार टिकले ते मला माहीत नाही, पण एका जोडप्याला त्यांच्याशी भांडता भांडता एकमेकांशी भांडायचा विसर पडलेला मी स्वतः पाहिला आहे.

मशीनला ते म्हातारी म्हणत. दुपारी एक वाजला की तिच्यावर टॉवेल घालायचे. "तिला जेवू दे." पंचवीसच्या वर प्रती मागितल्या तर नाही म्हणायचे, कारण त्यांच्या मते छापून छापून मजकूर झिजतो.

ते मूळचे तिथलेच. कॉलनीच्या इमारती संपतात तिथून दहा मिनिटांवर त्यांचं जुनं गाव. खाडीकाठी त्यांच्या बापाचं मिठागर होतं. वसाहतीसाठी सरकारने जमिनी घेतल्या त्यात ते गेलं. मिठाचं बोलताना नानांचा आवाज बदलायचा. "मीठ पिकवाया काय लागतं? पानी आत घ्यायचं नि मग गप बसायचं. आमची पिकंच गप बसल्यावर येतात." पण मिठाइतकंच ते बांधाबद्दल बोलायचे. उधाणाच्या भरतीला बांध फुटून भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. "खांड गेली" अशी हाक आली की सगळा गाव हातचं टाकून धावायचा. माणसांची रांग लावायची आणि चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात द्यायचे, भगदाड बुजेपर्यंत. "त्या टायमाला शेजारी कोन उबाय ते बगायचं नाय. दुश्मन आसला तरी त्याच्या हातचा चिकल घ्यायचा. आमी दोग..." एवढं बोलून ते थांबायचे आणि म्हातारीची काच पुसायला लागायचे.

दोघं म्हणजे ते आणि त्यांचा थोरला भाऊ. हे साऱ्या कॉलनीला माहीत होतं. जमिनीच्या वेळी कोणीच सही करायची नाही असं ठरलं होतं, आणि एका सकाळी थोरल्याने धाकट्याला न सांगता जाऊन सही केली. त्या दिवसापासून बोलणं बंद. मी दुकानात जायला लागले तेव्हा त्याला सात-आठ वर्षं झाली होती.

आता माझ्या मित्राकडे येते.

मी बावीस वर्षांची होते. बी.कॉम. झालं होतं, सी.ए.च्या पहिल्या पायरीवरून दोनदा घसरले होते, आणि तिसऱ्यांदा चढण्याऐवजी मला विश्वाचं कोडं पडलं. हे कोडं दर महिन्याला एका पानावर सुटायचं. पानाला शीर्षक नाही, वर फक्त आकडा. खाली नाव नाही. नाव घालायची सोयच नव्हती. आमच्या सेक्टरात कोणाच्या घरी कोणती भाजी आहे हे तिसऱ्या इमारतीला माहीत असे. "हिचं सी.ए. राहिलं आणि ही असलं लिहिते" हे ऐकण्यापेक्षा निनावी बरं. पंचवीस प्रती काढायच्या आणि गुपचूप सोडून यायच्या: एस.टी. स्टँडच्या बाकड्यावर, वाचनालयात वर्तमानपत्रांच्या खाली, आणि नानांच्या शेजारच्या दातांच्या दवाखान्यात. ठणकती दाढ धरून बसलेल्या माणसांनी माझ्यामुळे अस्तित्वाचा अर्थ वाचला आहे. त्यांची मी आजही क्षमा मागते.

पहिलं पान सुरू होत होतं, "मी आहे, हे मला कोणी सांगितलं?"

नानांनी ते उभ्याने दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कोनी लिवलंय?"

"एका ओळखीच्याने."

"नाव नाय टाकलं."

"त्याला नाव नकोय."

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. बोटं शाईने निळी झाली होती. मी हात पाठीमागे घेतला. नाना क्षणभर गप्प बसले, मीठ पिकवताना बसत असतील तसे, आणि म्हणाले, "बरा लिवतो. पन त्याला सांग, आईला इचार. ती आसंल त्या टायमाला तिथं."

बस्स. तेव्हापासून खेळ ठरला. मी तिसऱ्या पुरुषात लपले आणि नानांनी दीड वर्षात एकदाही मला तिथून ओढून काढलं नाही. उलट पडदा नीट लागलाय ना, हे तेच बघायचे. दुकानात दुसरं कोणी असलं तरी ते मोठ्याने म्हणत, "बाय, तुज्या त्या मित्राला सांग, तिसऱ्या पानावर तो घसरलाय. दुःख, दुःख सात वेला आलाय. एकदा बोललं तरी कलतं." स्वातंत्र्यावरच्या पानाला निरोप आला, "त्याला सांग, खांड गेली की सोतंत्र बाजूला ठेवतात. चिकल आदी." मी हा निरोप घरी नेऊन लेखकाला द्यायची आणि लेखक रात्रभर फुगून बसायचा.

एकदा मात्र पडदा फाटायची वेळ आली. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लाइटबिलाची प्रत काढायला आल्या होत्या, आणि नेमकं तेव्हा नाना मला सांगत होते, "त्याला सांग, मना त्याची कालजी वाटते. एकट्यानं एवडा इचार करू नये मानसानं. लगीन कर म्हनावं."

काकू जिना चढण्याआधी बातमी चढली. आईने मला काही विचारलं नाही. आमच्या आईची पद्धत अशी की गुन्हेगाराला शेवटी बोलवायचं, आधी साक्षीदार. ती रेशनकार्ड घेऊन नानांकडे गेली. हा प्रसंग मला नंतर दोघांनी स्वतंत्रपणे सांगितला, आणि दोघांचं सांगणं शब्दाशब्दाने जुळलं, म्हणून खरा मानते.

"तो कोण आहे?" आईने विचारलं.

"बाई, नाव नाय सांगनार. तो म्हनलाय नाव नको."

"काय करतो?"

"इचार."

"आणि पोटापाण्याला?"

नानांना हा प्रश्न योग्य वाटला असावा, कारण त्यांनी आईला मतभेदाच्या खुर्चीवर बसवलं. "त्ये अजून नाय जमलं त्याला. पन मानूस निर्मल हाय. अक्षर बगाल तर मोती."

आई दोन आठवडे घरात जावयाला धरून वागत होती. बाबांना रात्री म्हणाली, "अक्षर चांगलं आहे म्हणतात." बाबा म्हणाले, "डॉक्टर नसणार." मग आईला राहवेना. ती पुन्हा नानांकडे गेली आणि अक्षर बघायला मागितलं. नाव सांगायचं नाही असं ठरलं होतं, अक्षर दाखवायचं नाही असं ठरलं नव्हतं. नानांनी चौथं पान काढून दिलं.

आईने एक ओळ वाचली असेल. दळणाच्या डब्यांवर 'ज्वारी', 'बेसन' अशा चिठ्ठ्या मी लावायची. ते अक्षर ती रोज बघत होती. ती उठली, रेशनकार्ड पिशवीत घातलं आणि घरी आली. संध्याकाळी मला वाढताना एवढंच म्हणाली, "त्या तुझ्या मित्राला सांग, आमटीत मीठ कमी असेल तर घे म्हणावं. नाहीतरी रोज इथेच जेवतो."

म्हणजे आई पण खेळात आली. आता आम्ही तिघं झालो.

सातव्या पानाचा दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी नाना ओळखू आले नव्हते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, आणि भर दुपारी शटर अर्धं खाली. मी वाकून आत डोकावले आणि म्हटलं, "नाना, बंद करताय? पाचच मिनिटं." ते म्हणाले, "आज नको, बाय." पण मी घाईत होते, कारण सातवं पान अतिशय महत्त्वाचं होतं. मी कागद हातात कोंबला. कागद हातात आला की नाना वाचणारच. वाचत वाचत ते खाली बसले. मग टॉवेल काढला, म्हातारी सुरू केली, प्रती काढल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच लेखकाला काहीही निरोप दिला नाही. मला वाटलं, अखेर आपण निर्दोष पान लिहिलं.

ते सुरू होत होतं, "जो सोडून गेला त्याच्यामागे जाऊ नये. माणूस एकदाच जातो. परत भेटतो तो दुसराच असतो."

एकोणिसाव्या पानानंतर मला नोकरी लागली आणि विश्वाचं कोडं आपोआप सुटलं. मग लग्न, मग नाशिक. नाना आठवणीत राहिले, पानं नाही राहिली. आपल्या तरुणपणाच्या शहाणपणाला विसरण्याइतकी मी नशीबवान होते.

यंदा जानेवारीत आईकडे पनवेलला गेले होते. तिच्या पेन्शनच्या काही कागदांच्या प्रती हव्या होत्या. चौकात आता दोन चकचकीत दुकानं आहेत, फोनवरून कागद पाठवला की प्रत बाहेर पडते. आई म्हणाली, "तिकडे नको. जुन्याकडेच जा. तो अजून वाचतो."

गिरणी होती. दवाखाना होता, दातांचा डॉक्टर बदलला होता. आणि मधल्या गाळ्यात नाना होते, अर्ध्या आकाराचे झालेले, चष्मा दुप्पट. मशीन नवीन, टॉवेल मात्र तसाच, बाजूच्या खिळ्यावर. त्यांनी आईचा हयातीचा दाखला पूर्ण वाचला.

"हयात हाय हे तिनं सोता सांगितलं तर चालत नाय का?" असं म्हणून त्यांनी वर पाहिलं. आणि ओळखलं. "तू पोस्टमन."

"हो नाना."

"तो काय करतो हल्ली?"

सत्तावीस वर्षं झाली होती, पण मी पटकन ओळीवर आले. "बरा आहे. जाड झालाय. हल्ली विचार करत नाही."

"बरं केलं," नाना म्हणाले आणि टेबलाखालून एक पुडकं काढलं. सुतळीने बांधलेली माझी पानं. मी पंचवीस प्रती सांगायची, ते सव्वीस काढायचे. सव्वीसावी त्यांची. समासात पेन्सिलीने शेरे. मी मतभेदाच्या खुर्चीवर बसून वाचायला लागले, कारण जिने ते लिहिलं होतं तिच्याशी माझे अनेक मतभेद होते. काय तो आवेश. मृत्यूवर दोन पानं, तेव्हा माझ्या घरात कोणी साधं आजारी नव्हतं. 'एकांत' या विषयावर अख्खं पान, आणि आम्ही पाच जण दोन खोल्यांत राहत होतो. समासात नानांनी लिहिलं होतं, "याला चहा पाजा." मी इतकी हसले की गिरणीवाला डोकावून गेला.

मग लक्षात आलं की सातवं पान पुडक्यात नाही.

ते भिंतीवर होतं. मशीनच्या बरोबर वर, प्लास्टिकमध्ये बसवलेलं, कडांना पिवळं. जिथे बाकीचे लोक देवाची तसबीर लावतात तिथे.

"हे इथे कसं?"

"ते कामाचं निगालं," नाना म्हणाले. ते काच पुसत होते. "त्या दिवशी माज्या पुतनीची हलद होती. थोरल्याची पोर. सोता येऊन बोलावून गेलेली, काका, तुमी आल्याबिगर मी हलद लावून घेनार नाय. मी नवा शर्ट घातलेला. शटर वडत होतो. तेवड्यात तू त्याचा कागद घेऊन आलीस."

मी हातातलं पुडकं खाली ठेवलं.

"मी वाचला. म्हनलं, बराबर हाय. मी जाऊन काय भेटनार? जो गेला तो गेला. नाय गेलो मग." ते थांबले. "गेल्या म्हयन्यात थोरला पडला. पाय मोरलाय, खाटेवर हाय. वय पंच्याऐंशी. पोर परत आली परवा. काका, चला म्हनली. मी तिला हा कागद दावला. तिनं वाचला नि डोलं पुसत गेली."

मला वाटलं होतं मी माझं निरुपद्रवी वेड बघायला आले आहे. इथे ते सत्तावीस वर्षं कामावर होतं.

"नाना, ते पान चुकीचं आहे."

"तुला काय कलतं त्यातलं? तू पोस्टमन."

"नाना, लिहिणाऱ्याचंच म्हणणं आहे की ते चुकीचं आहे."

"मग त्यानं येऊन सांगावं."

बघा, खेळ किती पक्का होता. मीच लावलेल्या पडद्याच्या मागून मला बाहेर यायला वाट नव्हती. पर्स उघडली, दाखल्याच्या फुकट गेलेल्या प्रतीच्या पाठीवर लिहिलं, 'सातवं पान रद्द समजावं.' नानांनी वाचलं आणि परत दिलं. "हे दुसऱ्यानं लिवलंय. तो असा शेपूट घालनाऱ्यातला नव्हता."

तेव्हा मी ते केलं जे दीड वर्षात आणि नंतरच्या सत्तावीसात केलं नव्हतं. मी म्हटलं, "तो नव्हताच, नाना. मीच लिहायची."

नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं नव्हतं असं नाही. पहिल्या दिवसापासून माझ्या बोटांवर ते लिहिलेलं होतं. पण कळणं वेगळं आणि कोणी तोंडाने म्हणणं वेगळं. ते नाराज झाल्यासारखे वाटले, आपण जपलेली वस्तू दुसऱ्याने फोडल्यावर होतो तसे.

"मग सांग," ते म्हणाले. "कोन सोडून गेलेला तुला?"

"एक मैत्रीण."

"कुटं?"

"शेवपुरी खायला."

मी भराभरा बोलून टाकलं. दर शनिवारी आम्ही दोघी तळ्याकाठी शेवपुरी खायचो, त्या शनिवारी ती मला न सांगता दुसऱ्या मुलीबरोबर गेली, मी लांबून पाहिलं, घरी आले आणि सातवं पान लिहिलं.

"म्हंजे," नाना सावकाश म्हणाले, एकेक शब्द मशीनवर ठेवल्यासारखा, "मी पोरीच्या हलदीला गेलो नाय, शेवपुरीपायी."

मी मान खाली घातली.

"आनि ती मैत्रीन? तिच्याशी कवा बोललीस मग?"

हे मी लपवू शकले असते. पण मतभेदाच्या खुर्चीवर बसून खोटं बोलवत नाही.

"दुसऱ्या दिवशी. ती शेवपुरी बांधून घेऊन घरी आली होती."

नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "मग ते कोनी लिवायचं, बाय?"

रुसवा पंचवीस प्रतींत छापून वाटला होता. समेट आम्ही दोघींनी जिन्यात उभं राहून खाल्ला आणि कागद चुरगाळून टाकला. आठवं पान महिन्याने लिहिलं ते काळाच्या स्वरूपावर.

नाना उठले. खुर्चीवर चढायला निघाले, मी धरलं आणि मीच चढले. भिंतीवरचं पान काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पुडक्यात सहा आणि आठच्या मध्ये सरकवलं आणि सुतळी बांधली. नंतर जन्मभर टिकेल असा कोरा कागद हवा असल्यासारखे कागदांच्या गठ्ठ्यातून निवडत बसले. एक निवडला. माझ्याकडे पेन मागितलं. एवढ्या वर्षांत जगाचे कागद वाचलेल्या त्या माणसाला लिहिताना मी प्रथमच बघत होते. एक ओळ लिहिली. दोनदा वाचली. मशीनवर ठेवली, प्रत काढली आणि मूळ कागद खिशात घातला.

"मूल कागद माज्याकडं राहनार. प्रत तू ने. कुटं ते तुला म्हायती."

"नाव नाही टाकलं."

"नाव नको."

"कोणी विचारलं तर?"

"वलकीचा एक हाय म्हन," नाना म्हणाले. म्हातारीवर टॉवेल घातला. सकाळचे अकरा वाजले होते.

ते गावाच्या तोंडापर्यंत माझ्याबरोबर आले आणि पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर बसले. "मी हितं हवा खातो," म्हणाले. मी पुढे गेले. गावात आता चार-चार मजले आहेत. थोरल्याचं घर एका इमारतीच्या तळमजल्यावर. पुतणीने दार उघडलं, माझ्याच वयाची बाई, ओठ घट्ट मिटलेले. आत खाटेवर थोरले, प्लास्टरमधला पाय उशीवर. नाकडोळे तेच, फक्त मापं मोठी.

मी कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही. आधी पोरीकडून चष्मा मागवला. मग घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू तपासली, आणि पुन्हा सुलटा केला.

"झेराक्स हाय."

"हो."

"मूल कागद?"

"लिहिणाऱ्याकडे."

"कोन लिवनारा?"

"ओळखीचे एक आहेत. त्यांना नाव नकोय."

थोरल्यांनी कागदावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला पांढरं लागलं, ते त्यांनी खिडकीच्या उजेडात बघितलं. "पीठ हाय," ते पोरीला म्हणाले. मग ओळ वाचली. ओळ एवढीच होती: 'खांड गेली हाय.'

त्यांनी ती दुसऱ्यांदा वाचली. नंतर कागदाची नीट घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली, आणि आढ्याकडे बघत मला म्हणाले, "त्या लिवनाऱ्याला सांग, मी हितं कवाचा चिकल घेऊन उबा हाय. हात दुकाया लागलं."

"सांगते," म्हणून मी वळले. पुतणी दाराकडेच बघत होती. दारात नाना उभे होते, एक पाय चपलेत, एक बाहेर. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पण मी पोस्टमन होते, म्हणून निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत शब्दशः सांगितला. नानांनी तो मान हलवत, मधे न बोलता, पूर्ण ऐकून घेतला. आणि मग दुसरी चप्पल काढली.